ज्या परीक्षेला ग्रंथालय घेऊन जायचं

अमेरिकेतल्या एखाद्या शहराचं प्रदर्शनाचं मैदान. महिना एप्रिल, नाहीतर ऑक्टोबर. सकाळचे सात वाजलेत आणि मोठ्या हॉलच्या दारासमोर रांग लागली आहे. रांगेतल्या प्रत्येकाजवळ सामान आहे. कुणी चाकांची सुटकेस ओढतंय, कुणी प्लॅस्टिकचे क्रेट एकावर एक रचून दोरीने आवळलेत, कुणी चक्क गोदामात वापरतात तसली ढकलगाडी आणली आहे. एकाच्या काखेत घडीचं छोटं लाकडी शेल्फ आहे, टेबलावर उभं करायला. आणि या सगळ्या सामानात भरली आहेत ती पुस्तकं. हजार-हजार, दीड-दीड हजार पानांची, कडेला रंगीत चिठ्ठ्या लावलेली जाडजूड पुस्तकं. ही माणसं परीक्षेला आली आहेत, आणि पुस्तकं आत न्यायला त्यांना पूर्ण मुभा आहे.

स्थापत्य शाखेच्या परीक्षेला हे दृश्य अगदी २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत दिसत होतं. परीक्षा होती ‘प्रोफेशनल इंजिनिअर’, म्हणजे पीई, या परवान्याची. हा परवाना मिळाला की अभियंत्याला ड्रॉइंगवर स्वतःच्या नावाचा शिक्का मारता येतो. तो शिक्का म्हणजे ‘या पुलाची, या इमारतीची, या पाणीयोजनेची जबाबदारी माझी’ असं कायद्यासमोर दिलेलं वचन. त्याआधी साधारणपणे पदवी, मग एक प्राथमिक परीक्षा, मग चारेक वर्षांचा कामाचा अनुभव, आणि शेवटी ही आठ तासांची परीक्षा. सकाळी चार तासांत चाळीस प्रश्न, दुपारी चार तासांत आणखी चाळीस. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, चुकलं तर गुण कापत नाहीत. ऐंशी प्रश्नांना आठ तास, म्हणजे एका प्रश्नाला सहा मिनिटं.

पुस्तकं बघून उत्तरं द्यायची, मग ती परीक्षा कसली, असं कुणालाही वाटेल. पण क्षणभर उलट बाजूने पाहा. पुलाच्या तुळईचा आकार ठरवणारा अभियंता पोलादाच्या तक्त्यातला आकडा ‘मला पाठ आहे’ म्हणून लिहीत असेल, तर त्या पुलावरून जायला आपल्याला आवडेल का? रोजच्या कामात चांगला अभियंता पुस्तक उघडतो, आकडा बघतो, कुठल्या आवृत्तीतला आहे ते तपासतो आणि मगच लिहितो. पीईच्या परीक्षेने नेमकी हीच सवय परीक्षेच्या हॉलमध्ये आणली. पाठ काय आहे हे तिने विचारलंच नाही. समोर आलेला प्रश्न कशाचा आहे हे तुला ओळखता येतं का, त्याचं उत्तर जगात कुठे लिहून ठेवलंय हे तुला माहीत आहे का, आणि तिथे तू सहा मिनिटांत पोचून परत येऊ शकतोस का, एवढंच तिने विचारलं. म्हणून मला वाटतं, या परीक्षेतला सगळ्यात अवघड भाग हॉलबाहेरच पार पडायचा: सोबत काय न्यायचं ते ठरवताना.

परवान्याची ही पद्धत सुरू झाली ती पाण्यापासून. अमेरिकेच्या पश्चिमेला वायोमिंग नावाचं कोरडं राज्य आहे. तिथे नदीचं पाणी वापरायचं तर राज्याकडे अर्ज करावा लागे आणि अर्जासोबत मोजणीचा नकाशा जोडावा लागे. राज्याचे मुख्य अभियंते क्लॅरेन्स जॉन्स्टन यांच्या लक्षात आलं, की हे नकाशे वकील आणि नोटरी मंडळी तयार करून सह्या ठोकताहेत. त्यांच्या प्रयत्नातून १९०७ साली वायोमिंगमध्ये अभियंत्यांच्या परवान्याचा अमेरिकेतला पहिला कायदा झाला. पुढे राज्यामागून राज्य या वाटेने गेलं, पण बऱ्याच ठिकाणी आधी माणसं मेली आणि मग कायदा आला. १९२८ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातलं सेंट फ्रान्सिस धरण मध्यरात्री फुटलं आणि चारशेहून अधिक माणसं वाहून गेली. धरण बांधणारे विल्यम मुलहॉलंड यांनी त्याच दिवशी धरणाची पाहणी केली होती. पुढच्याच वर्षी त्या राज्यात स्थापत्य अभियंत्यांना परवाना सक्तीचा झाला. १९३७ मध्ये टेक्ससच्या न्यू लंडन गावातल्या शाळेने पैसे वाचवायला तेलक्षेत्रातल्या वायूच्या नळाला परस्पर जोडणी घेतली. त्या वायूला वास नव्हता. तो इमारतीखालच्या पोकळीत साठत गेला, एका यंत्राचा खटका दाबताना ठिणगी पडली आणि सुमारे तीनशे जीव गेले. बहुतेक सगळी मुलं होती. त्याच वर्षी टेक्ससने अभियंत्यांचा परवाना कायदा केला, आणि इंधनवायूत मुद्दाम उग्र वास मिसळायचा नियमही तिथूनच पसरत गेला. आपल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरला येणारा वास त्याच शहाणपणातला आहे.

आता ते क्रेट उघडूया.

सगळ्यात वर बहुधा मायकेल लिंडेबर्ग यांचं ‘सिव्हिल इंजिनिअरिंग रेफरन्स मॅन्युअल’ असायचं. परीक्षार्थींच्या पिढ्यांनी त्याला ‘सर्म’ म्हटलं. मेकॅनिकलवाल्यांसाठी त्याचंच भावंड ‘मर्म’. सर्म म्हणजे स्थापत्यशास्त्राचा जवळजवळ सगळा पसारा एका बांधणीत. पण मला त्याच्या खालचे थर जास्त खुणावतात. या पुस्तकांतला एकेक तक्ता, एकेक आलेख म्हणजे कुणीतरी आयुष्याची वर्षं घालून केलेली मोजमापं आहेत, आणि परीक्षार्थी ती चिठ्ठी लावून सहा मिनिटांत वापरायला निघाला आहे.

मूडीचा आलेख घ्या. नळातून पाणी वाहताना भिंतींशी घासून किती जोर वाया जातो, ते त्यावरून काढतात. दिसायला तो वेलबुट्टीसारखा आहे: डावीकडून एकत्र खाली येणाऱ्या आणि उजवीकडे एकेक करून आडव्या होत जाणाऱ्या वक्ररेषा. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या लुईस मूडी यांनी तो १९४४ साली प्रसिद्ध केला. पण त्याची मुळं त्याआधीच्या जर्मनीत आहेत. गटिंगेनमध्ये योहान निकुराडझे यांनी वाळू चाळून एकसारख्या आकाराचे कण वेगळे केले, ते नळांच्या आतल्या बाजूला चिकटवले आणि त्यांतून पाणी सोडून मोजत बसले. मग वाळूचा आकार बदलला, नळाचा व्यास बदलला, पुन्हा मोजलं. १९३३ मध्ये त्यांचं काम छापून आलं. पण बाजारातल्या खऱ्या नळाला आतून वाळू चिकटवलेली नसते. त्याचा खडबडीतपणा वेडावाकडा असतो. इंग्लंडच्या कोलब्रुक यांनी १९३९ मध्ये अशा खऱ्या नळांसाठी समीकरण दिलं. ते हाताने सोडवणं जिकिरीचं, कारण जे शोधायचं तेच समीकरणाच्या दोन्ही बाजूंना दडलेलं आहे. मूडींनी त्याचा आलेख काढून दिला आणि सगळ्या जगाची त्या जिकिरीतून सुटका केली. आजही कुठल्याही नळाचा खडबडीतपणा आपण ‘एवढ्या आकाराच्या वाळूइतका’ अशाच हिशेबाने सांगतो. महापालिकेच्या जलवाहिनीचा पंप निवडताना गटिंगेनची ती चाळलेली वाळू हिशेबात असतेच.

हा आलेख वाचायला डोळा तयार लागतो, कारण त्याचे अक्ष साध्या पट्टीसारखे नाहीत. दहा हजार आणि एक लाख यांच्या बरोबर मध्यावर पंचावन्न हजार नसतात, तिथे साधारण ३१,६०० असतात. म्हणूनच सोबत न्यायच्या वस्तूंमध्ये एक साधी पारदर्शक पट्टी असायची. जाणकार ती कधी विसरत नसत.

दुसरा खजिना म्हणजे वाफेचे तक्ते. मेकॅनिकलच्या परीक्षार्थीला त्यांच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. एक किलो पाणी शून्य अंशापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला सुमारे ४१९ किलोज्यूल उष्णता लागते. आणि त्याच शंभर अंशांवर, तापमान तसूभरही न वाढवता, त्या पाण्याची वाफ करायला लागते २२५७ किलोज्यूल. पाचपटीहून जास्त! औष्णिक वीजकेंद्रांचा सगळा पसारा या दोन आकड्यांमधल्या दरीवर उभा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र वेगवेगळ्या देशांचे वाफेचे तक्ते आपसात जुळत नव्हते. टर्बाइन विकणारा एका तक्त्याने कार्यक्षमता सांगणार आणि घेणारा दुसऱ्या तक्त्याने तपासणार, तर व्यवहार व्हायचा कसा? म्हणून १९२९ मध्ये लंडनला, १९३० मध्ये बर्लिनला आणि १९३४ मध्ये न्यूयॉर्कला शास्त्रज्ञ आणि अभियंते जमले आणि त्यांनी वाफेचे मूळ आकडे ठरवले. कुठल्या आकड्यात किती फरक चालेल, हेही त्यांनी ठरवलं. दोन महायुद्धांच्या मधल्या त्या बेबनावाच्या वर्षांत एवढी राष्ट्रं पाण्याच्या वाफेबद्दल एकमत करत बसली होती, हे मला फार मोठं वाटतं.

विलिस कॅरियर यांनी १९११ मध्ये मांडलेली आर्द्र हवेची सूत्रं आणि त्यांच्यावरचा आलेख, आयर्लंडच्या रॉबर्ट मॅनिंग यांचं उघड्या कालव्यातल्या प्रवाहाचं सूत्र, जमिनीच्या भारवहनाचे तक्ते, बोल्टांच्या ताकदीचे तक्ते... प्रत्येकामागे अशीच कुणाची तरी कहाणी आहे. पण एका छोट्या तक्त्यापाशी थांबायलाच हवं, कारण तो थेट आपल्या दारात येतो.

पावसाचं किती पाणी गटारात येईल, हे काढायची एक सोपी रीत आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहराचं काम करताना एमिल कुइचलिंग यांनी ती १८८९ मध्ये मांडली. क्षेत्रफळ एकरात घ्या, पावसाचा जोर ताशी इंचात घ्या, दोन्हींचा गुणाकार करा आणि वाहून जाणाऱ्या पाण्याच्या प्रमाणाने त्याला गुणा. उत्तर आपोआप सेकंदाला घनफुटात, म्हणजे आपल्या बातम्यांतल्या क्युसेकमध्ये येतं. एका एकरावर ताशी एक इंच पाऊस पडून सगळा वाहून गेला, तर ते पाणी सेकंदाला १.००८ घनफूट भरतं. निसर्गाने म्हणा की योगायोगाने, हे रूपांतर अभियंत्यांना जवळजवळ फुकटात मिळालं आहे. दहा एकरांची वसाहत, ताशी तीन इंच पाऊस आणि प्रमाण ०.८, म्हणजे चोवीस क्युसेक, सेकंदाला सुमारे ६८० लिटर. प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला. उरलेली साडेपाच मिनिटं लागतात ती ते ०.८ कुठून आणायचं यासाठी. त्याचा तक्ता असतो: हिरवळीला कमी, डांबराला जास्त, छपराला आणखी जास्त.

आता मुंबई आठवा. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेल्या होत्या, आणि पडलेल्या पाण्यातलं निम्मंच वाहून येईल, निम्मं जमिनीत मुरेल, असं त्यात धरलेलं होतं. म्हणजे तक्त्यातला आकडा ०.५. तो बसवला तेव्हा शहरात बागा होत्या, मोकळी मैदानं होती, खाजणं होती. पुढे सगळीकडे काँक्रीट आणि डांबर झालं, तक्त्यातली जागा सरकत सरकत ०.९ च्या पुढे गेली, पण जमिनीखालच्या वाहिन्या होत्या तेवढ्याच राहिल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. एवढ्या पावसापुढे कुठलीच वाहिनी पुरली नसती, हे खरं. पण दर पावसाळ्यात साध्या जोराच्या सरीलाही रस्ते तुंबतात, त्याचं एक उत्तर या तक्त्यात आहे. त्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या समितीने या साऱ्याचा अभ्यास केला. परीक्षार्थी ज्या पानाला पिवळी चिठ्ठी लावून पुढे जातो, त्या पानावर अख्ख्या शहराचा पावसाळा मांडलेला असतो.

आणि मग पोलादाचं मॅन्युअल. त्याची पहिली आवृत्ती १९२७ च्या सुमाराची. तुळयांचे आकार, जोडांची ताकद, सगळं त्यात सापडतं. १९८१ च्या जुलैमध्ये कॅन्सस सिटीमधल्या हयात रीजन्सी हॉटेलात टांगलेले पादचारी पूल कोसळले आणि ११४ माणसं मेली. दोन पूल एकाखाली एक, छतापासून निघालेल्या सलग लोखंडी दांड्यांवर लटकवायचे, असं मुळात ठरलं होतं. बांधताना सोय म्हणून एका सलग दांड्याऐवजी दोन तुकडे वापरले गेले: एकावर वरचा पूल छताला टांगला आणि खालचा पूल दुसऱ्या तुकड्याने वरच्या पुलाला टांगला. त्यामुळे वरच्या पुलाच्या तुळईला धरणाऱ्या नटवर दोन्ही पुलांचं वजन आलं, म्हणजे भार दुप्पट झाला. मूळ आराखडासुद्धा स्थानिक नियमांना पुरा उतरत नव्हता, हे नंतरच्या तपासात दिसलं. जबाबदार अभियंत्यांचे परवाने रद्द झाले. बदलानंतरचा भार पुन्हा काढायचं गणित साधं होतं, परीक्षेच्या एका प्रश्नाएवढं. मला वाटतं, शिक्का म्हणजे काय ते समजायला ही एक घटना पुरेशी आहे.

पुस्तक कुठलं आणावं याइतकंच महत्त्व त्याच्या आवृत्तीला होतं. अमेरिकेची विद्युत संहिता पहिल्यांदा १८९७ मध्ये आली आणि आता दर तीन वर्षांनी नवी होते. इमारतींवरच्या भारांच्या मानकाने २०१० च्या आवृत्तीत वाऱ्याचे नकाशेच नव्याने मांडले. त्यामुळे जुन्या पुस्तकातला वाऱ्याचा वेग नव्या सूत्रात घातला की उत्तर चुकणार, हे ठरलेलं. परीक्षा घेणारी एनसीईईएस ही संस्था म्हणजे राज्यांच्या परवाना मंडळांची १९२० पासूनची संघटना. कुठल्या मानकाची कुठली आवृत्ती धरली जाईल, त्याची यादी ती आधीच जाहीर करायची. सगळ्यात नवं पुस्तक आणणाराही यात फसू शकत असे.

पुस्तकं जमली म्हणजे तयारी झाली, असं मात्र नव्हतं. ती वापरण्याजोगी करणं हे वेगळंच कसब होतं. मुरलेले परीक्षार्थी सर्मची शब्दसूची वेगळी छापून तिचं स्वतंत्र पातळ पुस्तक बांधून घ्यायचे. सूची डाव्या हाताला उघडी, जाड पुस्तक उजव्या हाताला. म्हणजे शोधायला मागच्या पानांवर जायचं आणि परत यायचं, ही धावपळ वाचायची. पानांना चिकटवलेल्या चिठ्ठ्यांचे रंग ठरलेले: पाणी निळं, माती तपकिरी, पोलाद लाल, ज्याला जसं सुचेल तसं. आणि सगळ्यात मोलाची असायची ती स्वतः बांधलेली वही. सरावाचे प्रश्न सोडवताना जिथे जिथे अडलं, तिथलं सूत्र, तिथली युक्ती, तिथला नेहमी चुकणारा टप्पा आपल्या हाताने लिहून रिंगच्या फाइलमध्ये लावलेला. मिसळणाच्या डब्यात मोहरी कुठल्या वाटीत आहे ते फोडणी देणाऱ्या हाताला जसं बघावं लागत नाही, तसं त्या वहीत जायला डोळ्यांना शोधावं लागत नसे. पुस्तकं कुणाकडूनही उसनी मिळतील, पण ही वही उसनी घेऊन काही उपयोग नव्हता. कधीच न उघडलेलं पुस्तक परीक्षेला आणू नका, असा सल्ला जुनी मंडळी देत, तो याच कारणाने.

एककांची वेगळीच गंमत. अमेरिकेत आजही पौंड, फूट, गॅलन, एकर-फूट चालतात. मेट्रिकमध्ये शिकून तिकडे गेलेल्या आपल्या अभियंत्यांना इथे नव्याने बाराखडी गिरवावी लागते. पौंड हे वस्तुमानाचंही माप आणि बलाचंही. एकातून दुसऱ्यात जाताना कुठे ३२.२ ने भागायचं हे विसरलं, की उत्तर बत्तीस पटींनी हुकतं, आणि ते हुकलेलं उत्तर चार पर्यायांत शांतपणे वाट पाहत असू शकतं. म्हणून एककांच्या रूपांतराचं एक छोटं पुस्तक प्रत्येकाच्या क्रेटमध्ये असायचं. आपल्यालाही ही मापं तशी परकी नाहीत. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं असं आपण सहज बोलतो, तेव्हा आपणही अब्जावधी घनफुटांतच बोलत असतो.

किरकोळ वस्तूंचे नियम फार कडक होते आणि मला ते वाचायला आवडतात. सुटा कागद एकही आत नेता येत नसे. जे न्यायचं ते बांधलेलं हवं: रिंगमध्ये, सर्पिल तारेत, स्क्रूने, कसंही. कारण सुटा कागद म्हणजे प्रश्न उतरवून बाहेर न्यायची सोय. चिकटचिठ्ठी पुस्तकाला चिकटलेली असेल तर चालेल, सुटी गड्डी चालणार नाही. परीक्षा चालू असताना शेजाऱ्याला पुस्तक द्यायचं नाही. काही राज्यांची मंडळं सोडवलेल्या उदाहरणांचे संग्रह आणू देत नसत. मोबाइल सापडला तर परीक्षा तिथेच संपली. आणि स्वतःची पेन्सिलसुद्धा आणायची नाही! संस्थाच प्रत्येकाला एक यांत्रिक पेन्सिल द्यायची, तीच वापरायची. पास झालेल्या कितीतरी जणांनी ती पेन्सिल जपून ठेवली आहे.

कॅल्क्युलेटरही मोजकेच चालतात. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला मजकूर साठवणारी आणि एकमेकांशी बोलू शकणारी यंत्रं आली, तेव्हा संस्थेने यादीच आखून दिली: टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सची टीआय-३०एक्स आणि टीआय-३६एक्स ही घराणी, एचपीचे ३३एस आणि ३५एस, आणि कॅसिओचे एफएक्स-११५ व एफएक्स-९९१. शेवटचं नाव वाचून पुण्या-मुंबईच्या, नागपूर-औरंगाबादच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना घरचं माणूस भेटल्यासारखं वाटेल. तेच ९९१, जे इथे पहिल्या सेमिस्टरला दप्तरात येतं. बटणांची जागा बोटांना पाठ असलेलं यंत्र नेणं, हीसुद्धा तयारीच.

पुस्तक घेऊन परीक्षेला बसायची रीत आपल्याकडेही आहे, पण छोट्या मापात. मशीन डिझाइनच्या पेपरला कोइमतूरच्या पीएसजी कॉलेजचं डेटा बुक चालतं. काँक्रीटच्या पेपरला आयएस ४५६ मागता येतं, उष्मागतिकीला वाफेचे तक्ते मिळतात. नोकरीत लागल्यावर ज्यांनी ही पुस्तकं टेबलावर कायम उघडी ठेवली, ते या परीक्षेचा स्वभाव लगेच ओळखतील. मात्र अभियंत्याला परवाना देणारा देशभर लागू असलेला कायदा आपल्याकडे अजून नाही. महापालिका आपापल्या हद्दीपुरते स्ट्रक्चरल इंजिनिअरांना परवाने देतात, आणि बाकी बरंचसं पदवीच्या भरवशावर चालतं. आपल्याकडेही आधी इमारत पडायची आणि मग कायदा यायचा, हा क्रम तरी टळावा, असं मनापासून वाटतं.

ढकलगाड्यांची ती रांग आता इतिहासजमा झाली. केमिकल शाखेची पीई परीक्षा २०१८ च्या जानेवारीत संगणकावर गेली, २०२० मध्ये मेकॅनिकल, २०२२ च्या जानेवारीत स्थापत्य. आता कुठल्याही दिवशी वेळ ठरवून परीक्षा-केंद्रावर जाता येतं. सोबत न्यायची यादी तळहातावर मावते: सरकारी ओळखपत्र, यादीतला कॅल्क्युलेटर, चष्मा (पण त्याचं घर नाही), वाटलं तर पातळ स्वेटर. कच्च्या कामाला पुसता येणारी वही आणि मार्कर केंद्रच देतं. पुस्तकं पडद्यावर असतात. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला संस्थेचं हँडबुक, आणि मानकं प्रकरणवार, एका वेळी एकच प्रकरण उघडणारी.

शोधायची खिडकी मिळाली म्हणजे सोपं झालं, असं वाटतं. पण ‘फ्रिक्शन’ असं टाइप केलं की पाइपातलं घर्षण येतं, मातीतलं येतं, पट्ट्या-पुल्यांचं येतं, रस्ता आणि टायरमधलंही येतं, आणि घड्याळ थांबत नाही. समोरचा प्रश्न दाबाखालच्या जलवाहिनीचा आहे, पाण्याचाच आहे, तापमान नेहमीचं आहे, हे ज्याने वाचताक्षणी हेरलं तो ‘हेझन-विल्यम्स’ हे त्यासाठीच्या सूत्राचं नाव टाइप करतो आणि थेट त्या पानावर उतरतो. क्रेट गेले, पण हे नाव डोक्यात घेऊनच यावं लागतं. जुन्या पद्धतीत पानाच्या जागेची आठवण हाताला होती. उजव्या पानावर, वरच्या कोपऱ्यात, लाल चिठ्ठीपाशी. ती आठवण आता कामाची उरली नाही, आणि तिच्या जागी गोष्टींची नेमकी नावं माहीत असण्याला किंमत आली. मला यात तोटा कमी आणि न्याय जास्त दिसतो. महागडी पुस्तकं विकत घेण्याची ऐपत असलेल्याचं क्रेट मोठं असायचं, आता सगळ्यांसमोर तेच हँडबुक आहे.

आणि ते आपल्यालाही वाचता येतं. एनसीईईएसच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की हँडबुकची पीडीएफ फुकट उतरवून घेता येते, सांगलीत बसून काय किंवा पणजीत बसून काय. स्थापत्य शाखेचं घ्या आणि त्यात मूडीचा आलेख शोधा. खालच्या अक्षावर एक लाख हा आकडा पकडा, उजवीकडून ०.००१ खडबडीतपणाची वक्ररेषा मागे मागे आणा, दोन्ही जिथे भेटतील तिथून पट्टी आडवी धरून डावीकडे वाचा. ०.०२२ च्या आसपास आलं, तर तुम्ही आलेख बरोबर वाचला.